डावीकडे वळलेलं नळकांडं

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही गोड शब्दांची वाट पाहत बसणार नाही.

१९६३ साली दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात माझी जुळणी झाली. दोन सिलिंडर, अठ्ठावीस अश्वशक्ती, हिरवा रंग. फ्रँकफुर्टपासून दीड तासावर डोंगरात एक गाव आहे. तिथल्या हाइनर रुपेल नावाच्या शेतकऱ्याने मला घेतलं. गवत, शेणखत, बटाटे, सरपण, सगळं मी चाळीस वर्षं ओढलं. हाइनर फारसा बोलत नसे. पण दर शनिवारी तो ग्रीस गन घेऊन माझ्याखाली शिरायचा आणि एकही सांधा सोडायचा नाही. मी आयुष्यात मान दिला तो एवढ्या एका माणसाला.

२००३ साली हाइनर वारला. त्याची बायको एर्ना तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. तिने पुढचं मोठं घर विकलं आणि मागच्या दोन खोल्यांत शेवटपर्यंत राहण्याचा हक्क कागदावर लिहून घेतला. हिवाळ्यात तिच्या दारापर्यंतची बोळ मोकळी ठेवायची जबाबदारी घर घेणाऱ्याची, हेही त्याच कागदात होतं. मी घराबरोबर गेलो. मला कोणी विचारलं नाही.

घर घेतलं चारुदत्त आणि ईप्सिता या पुण्याच्या जोडप्याने. तो फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नला आयटी सल्लागार होता. ती खालच्या शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला जायची. माझं मराठी या दोघांच्या भांडणांतून शिकलेलं आहे, तेव्हा त्यात काही तिखट लागलं तर दोष माझा नाही.

चारुदत्तने पहिल्या दिवशी काय केलं असेल? माझ्यावर बसून फोटो काढले. ते फोटो त्याने पुण्याला पाठवले, ऑफिसातही दाखवले. दोन वर्षं माझा उपयोग तेवढाच. ऑइल बदललं नाही, बॅटरीचं पाणी पाहिलं नाही. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालत होत्या आणि त्याला ते फार गमतीचं वाटे.

२००५च्या डिसेंबरात दोनदा मोठा बर्फ पडला आणि त्याची गाडी अंगणात अडकली. मग त्याने एक जुनी श्नेफ्रेझ विकत आणली. पुढच्या पात्यांनी बर्फ खरवडायचा आणि वरच्या नळकांड्यातून लांब उडवून द्यायचा, असं ते यंत्र. ते माझ्या नाकापुढे बसवायला गावातला मेकॅनिक फोल्कर आला. माझ्या काळच्या ट्रॅक्टरांना पुढून ताकद काढायची सोय नाही. म्हणून त्याने मागच्या पीटीओपासून, म्हणजे इंजिनची ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यापासून, माझ्या पोटाखालून एक लांब शाफ्ट पुढे नेला. दोन दिवस थंडीत पाठीवर पडून त्याने ते काम केलं. काम चोख होतं.

मग तो समजावू लागला. "नीट ऐका. याचा क्लच साधा आहे. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो, तशी फ्रेझही थांबते. बर्फ खोल असेल तर अर्ध्या रुंदीचाच घास घ्या, नाहीतर नळकांडं तुंबेल."

"हो, हो. गेनाऊ," चारुदत्त म्हणाला.

"नळकांड्याच्या बुडाला दर आठवड्याला ग्रीस लावा. नाही लावलं तर ते फिरणार नाही, एकाच बाजूला बर्फ टाकत राहील."

"गेनाऊ."

"इंजिन बंद करायचा खटका हा इथे. ओढायचा."

"गेनाऊ, गेनाऊ."

मित्रांनो, हा जर्मन शब्द बरोबर, अगदी बरोबर अशा अर्थाचा आहे. चारुदत्तच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच असे की मी ऐकत नाहीये. ईप्सिता मात्र कोटाच्या खिशात हात घालून शेजारी उभी होती आणि तिने दोन प्रश्न विचारले. खटका तिने स्वतः ओढून पाहिला.

ग्रीस अर्थातच कोणी लावलं नाही. जानेवारीच्या मध्यात नळकांडं गंजून गोठून जाम झालं, आणि जाम झालं ते डावीकडे तोंड करून. डावीकडे एर्नाची बोळ होती.

चारुदत्तला काय फरक पडत होता? अंगण साफ होत होतं, त्याची गाडी निघत होती. अंगणातला सगळा बर्फ मी एर्नाच्या वाटेत फेकत होतो. हो, मीच. ताकद माझी होती, हे मी लपवत नाही. फ्रेझ काही बर्फ नाहीसा करत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला घालते. एर्ना लोकरीची निळी टोपी घालून रोज सकाळी खोऱ्याने ढीग उपसायची, तोही माझा धूर विरायच्या आत.

दोनदा ती सांगायला आली. "चारुदत्त, बर्फ माझ्या बाजूला येतोय हो."

"हो फ्राऊ रुपेल, ते जरा अडकलंय. पुढच्या वीकेंडला बघतोच."

ईप्सिता घरात चिडायची. "अरे, कागदावर सही केलीयेस तू. ती वाट आपण मोकळी करायची आहे, आणि आपण ती बुजवतोय!"

"त्या दणकट आहेत गं. त्यांना सवय असते बर्फाची."

दुसऱ्याच्या कष्टाला सवय म्हणणारी माणसं मी चाळीस वर्षांत कमी पाहिली नाहीत. पण इतक्या सहजपणे म्हणणारा हा पहिलाच.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. दुपारी चारुदत्तच्या ऑफिसातली आठ माणसं जेवायला यायची होती आणि त्यांच्या गाड्यांना जागा हवी होती. मी दिसायला हवा होतो हे वेगळंच. त्याने माझ्या नाकावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, कानांवर मोठाले कर्णरक्षक चढवले आणि मला सुरू केलं. पूर्ण रुंदीचा घास, पूर्ण वेग. सगळा बर्फ डावीकडे.

ईप्सिता स्वयंपाकघरात होती. मागच्या खिडकीतून तिला एर्नाचं दार उघडं दिसलं. उणे आठ तापमानात कोणी दार उघडं टाकून बसत नाही. दोन मिनिटांनीही दार तसंच होतं. ती घरातल्या चपलांवरच धावली. बोळीच्या तोंडाशी तिला ढिगातून बाहेर आलेला खोऱ्याचा दांडा दिसला, आणि त्याच्या शेजारी निळी लोकर.

"चारू! थांबव! चारू!"

त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी बर्फ उडवत होतो आणि तो बर्फ एका पडलेल्या बाईवर जात होता. मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. ईप्सिता बाजूने माझ्या पायरीवर चढली, नवऱ्याच्या हातावरून पुढे वाकली आणि खटका ओढला. मी बंद झालो.

दोघांनी हातांनी बर्फ उकरला. एर्ना शुद्धीवर होती. तिचे ओठ जांभळे झाले होते आणि उजवा पाय मांडीपासून वाकडा पडला होता. "हलवू नका मला," एवढंच ती म्हणाली. ईप्सिताने स्वतःचं जॅकेट तिच्यावर घातलं, घरातली पांघरुणं आणली, ११२ला फोन केला. पण स्ट्रेचर आत येणार कसं? बोळीच्या तोंडावर कमरेएवढा ढीग होता. तिथपर्यंतचं अर्धं अंगणही अजून बर्फाखाली होतं, आणि मी फेकला असता तो परत बोळीतच.

"नळकांडं उजवीकडे फिरव," ईप्सिता म्हणाली.

"ते जाम आहे गं. फिरणारच नाही."

तिने चुलीवरचं उकळतं पाणी आणलं. मघापासून ते पाहुण्यांच्या भातासाठी तापत होतं. ते तिने नळकांड्याच्या बुडावर ओतलं आणि हातोडीने चार दणके घातले. नळकांडं कुरकुरत फिरलं. तीन आठवडे जे होत नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

"तू बस त्यांच्याजवळ. त्यांच्याशी बोलत राहा, झोपू देऊ नकोस," ती म्हणाली आणि माझ्यावर चढली. तिने अर्ध्या रुंदीचा घास घेतला, क्लच सांभाळला, बर्फ बागेत टाकला. बोळीच्या पुष्कळ अलीकडे तिने मला बंद केलं आणि उरलेला ढीग खोऱ्याने उपसला. रुग्णवाहिका आली तेव्हा वाट मोकळी होती.

तिच्यामागून एक पोलीस आला. तो वही काढून विचारू लागला तेव्हा चारुदत्त काय म्हणाला, ते ऐका.

"ट्रॅक्टर फार जुना आहे हो. नळकांडं बिघडलं, त्यामुळे हे झालं."

जुना! त्याच जुन्या ट्रॅक्टरचा फोटो याने ऑफिसच्या टेबलावर फ्रेम करून ठेवला होता.

ईप्सिता त्याच्याकडे वळली. तो मराठीत हळूच म्हणाला, "आत्ता नको, प्लीज."

"आत्ताच," ती म्हणाली, आणि पोलिसाला स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "ट्रॅक्टरमध्ये काही बिघाड नाही. आम्ही ग्रीस लावलं नाही. त्यांनी दोनदा सांगूनही आम्ही ऐकलं नाही. लिहून घ्या."

पोलिसाने लिहून घेतलं. पाहुणे आले, अंगणात पाच मिनिटं घुटमळले आणि न जेवताच गेले. त्यांच्यातल्या एकानेही खोरं उचललं नाही.

एर्नाच्या मांडीचं हाड मोडलं होतं. तिचं ऑपरेशन झालं. ईप्सिता आठवड्यातून दोनदा तिला भेटायला जात होती. चारुदत्तला दंड बसला. त्याने मला विकायची जाहिरात लिहिली आणि ईप्सिताने ती फाडली.

मार्चच्या अखेरीस एर्ना कुबड्या घेऊन परतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर बर्फ पडला. चारुदत्त पिवळ्या फुलांचा गुच्छ घेऊन तिच्या दाराशी गेला. माफीचं भाषण त्याने शेडमध्ये माझ्यापुढे तीनदा घोकलं होतं. त्यात परिस्थिती हा शब्द चारदा येत होता.

एर्नाने भाषण शेवटपर्यंत ऐकलं. गुच्छ घेतला.

"फुलं मी पाण्यात ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही वाट साफ करा. यंत्र नको. हाताने करा. मी खिडकीत बसून बघते."

तो दोन तास खोरं मारत होता. त्याच्या हातांना फोड आले. ईप्सिता माझ्याखाली आडवी होऊन एकेका सांध्यात ग्रीस भरत होती आणि तिने एकदाही मान वर करून पाहिलं नाही. मी शेडमध्ये नुसता उभा होतो. चाळीस वर्षांत रिकामं उभं राहण्यात मला इतकं सुख कधी लागलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. यंत्र वापरायचं असेल तर त्याला तेलपाणी द्या. ते जमत नसेल तर निदान एवढं करा, सुरू करण्याआधी खाली उतरा आणि ते जिथे फेकणार आहे तिथे कोणाचं दार आहे का, ते स्वतः चालत जाऊन बघा. मला तुमचे आभार नकोत. फोटो तर मुळीच नकोत.