गोरं टक्कल

कार्ल्याच्या फाट्यावरून आत वळलं की भातखाचरांना लागून एक मांडव होता आणि रविवारी त्यात पाय ठेवायला जागा नसायची. जिकडे बघावं तिकडे टोप्या, रुमाल आणि ऐन उकाड्यात कपाळावर ओढलेले मफलर. टकलांचा मेळावाच तो! व्यासपीठावर केशनाथ महाराज कमरेपर्यंत जटा सोडून बसले होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर केस होते. काळेभोर, दाट, पेराएवढे.

"दोन महिन्यांमागं ह्या टाळूवरून माशी घसरत व्हती, माशी!" महाराज माईकवर गरजले. "बघितली व्हती का न्हाई?"

"बघितली!" मांडव ओरडला.

किरणही ओरडला, कारण त्यानं खरंच बघितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस याच जागी तुळतुळीत डोक्यानं बसला होता. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं?

किरण मूळचा आंदर मावळातला, वय पंचवीस, लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या काउंटरवर नोकरीला. दीड वर्षात त्याच्या कपाळाचे कोपरे मागे सरकले होते आणि टाळूवर चकती उघडी पडली होती. कांद्याचा रस झाला, माक्याचं तेल झालं. शेवटी तो त्वचेच्या डॉक्टर नुसरत यांच्याकडे गेला. त्यांनी सरळ सांगितलं, "हे वडिलांकडून आलंय. लवकर आलात हे बरं केलंत. हे औषध रोज टाळूला लावा. सुरुवातीला केस जास्त गळतील, तेव्हा घाबरून बंद करू नका. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात."

पठ्ठ्या नेमका घाबरला. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसच केस दिसले आणि त्यानं बाटली कचऱ्यात टाकली. दिवाळीनंतर इंदुरी गावच्या उज्ज्वलाशी साखरपुडा ठरलेला. ती दोनदा भेटली, दोन्ही वेळा याच्या डोक्यावर टोपी. "रिसॉर्टचा नियम आहे," असं त्यानं ठोकून दिलं होतं. टक्कल दिसलं की ती नाही म्हणणार, हे त्याच्या मनानं पक्कं धरलं होतं. त्या धास्तीनं तो बाथरूमचा नळ सोडून रडायचा. अशा माणसाला महाराज सापडले नसते तरच नवल.

"डॉक्टरची औषधं बंद!" महाराज सांगत होते. "औषध म्हंजी मुळावर निखारा. आमचा लेप म्हंजी बियाणं. आदी मुंडन, मग लेप. आठ दिसांत खुंट टोचाया लागतील!"

मग भिकाजी नावाच्या माणसाला पुढे आणलं. सात वर्षांचं टक्कल, डोक्याला कधी टोपी नाही, असं माईकवर जाहीर झालं. पुढच्या रांगेतला किरण महाराजांच्या नजरेत भरला. "ये रं पोरा. ह्याला तूच लेप लाव. तूच साक्षीदार. मग तुझं मुंडन."

किरणनं हातात कापूस घेतला आणि भिकाजीच्या डोक्याकडे बघितलं. दीड वर्ष तो दुसरं काही बघतच नव्हता. एसटीत, लग्नात, दुकानात, माणसाचं तोंड बघायच्या आधी तो टाळू बघायचा. भिकाजीचं कपाळ आणि मान उन्हानं रापून काळी पडली होती. टाळू मात्र गोरीपान! सात वर्षं उघड्या डोक्यानं हिंडणाऱ्याची टाळू गोरी? किरणची चकती तर टोपी घालायला लागण्याआधी एकाच उन्हाळ्यात करपून सोलली होती.

त्यानं कोरडाच कापूस हळूच टाळूवरून ओढला. कापूस अडकला. पांढरे धागे सगळ्या टाळूभर लटकले.

हे टक्कल नव्हतं. सकाळीच वस्तरा फिरवलेलं, चांगल्या दाट केसांचं डोकं होतं ते.

"लाव की, भाऊ," भिकाजी ओठ न हलवता पुटपुटला. "माज्या पोटावर पाय नको आनू."

गप्प बसावं, असं किरणला फार वाटलं. हेही खोटं निघालं तर मग उरलं काय? खाली शेकडो माणसं आशेनं बघत होती, निम्मे मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. सिद्ध करायचं तर दुसरं टक्कल लागणार होतं. आणि ते त्याच्याच टोपीखाली होतं.

त्यानं टोपी काढली.

"बघा!" तो ओरडला. "हे माजं टक्कल. खरं हाय. ह्याच्यावरनं कापूस घसरतोय." त्यानं नवा कापूस चकतीवरून फिरवला, तो सरकन निघून आला. "आता ह्यांचं बघा. खुंटांत अडकतोय! ह्यांची टाळू गोरी का? कारण कालपर्यंत तिच्यावर केस व्हते! केस उगवत न्हाईत हितं, कापलेले वाढत्यात!"

"नास्तिक हाय त्यो! खाली वढा!" महाराज किंचाळले. माईक बंद झाला.

पण पहिल्या ओळीतला एक म्हातारा काठी टेकत वर चढला आणि त्यानं भिकाजीच्या डोक्यावरून तळहात फिरवला. "आरं, ही तर घासणी हाय!" तो म्हणाला. मग एकेक जण वर येऊन डोकं चाचपू लागला. भिकाजी मान खाली घालून म्हणाला, "रोजंदारीनं आनलंय मला."

"पन माजे तर उगवलेत!" मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं.

"मुंडन केलं व्हतं न्हवं? जिथं शाबूत व्हते तिथलेच आले, भाऊ," किरण म्हणाला. "चकतीवर हात लावून बघा."

त्या माणसानं हात लावला आणि मटकन खाली बसला. त्याच्याकडे बघून किरणला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत इंदुरीला पोचला. उज्ज्वलाचा फोन आला. "केसांचं काही नाही हो," ती म्हणाली. "पण माझ्याशी खोटं बोललात. ते परत नको." तो हो म्हणाला आणि फोन ठेवून पुन्हा रडला, या वेळी नळ न सोडता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नुसरत यांनी भिंगातून टाळू तपासली. "कोपरे आणखी मागे गेलेत. मधल्या काळात गेलेले केस परत येतील, असं मी म्हणणार नाही. उरलेले बहुतेक टिकतील. रोज लावलं तर."

चमत्कारवाला माणसाचे केस नेत नाही. ते त्याच्याशिवायही जातात. तो नेतो ते उपचाराचे दिवस. तेव्हा तुमच्या गावात असा मांडव पडला तर हात जोडण्याआधी त्या टकलावरून तोच हात एकदा फिरवून बघा. बघू देत नसतील, तर काय ते समजा आणि तडक दवाखाना गाठा, आजच.