उलटी धरलेली पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. लगेच पाढे म्हणायला लागू नका, मी शाळेतली नव्हे. मी सिनेमावाल्यांची क्लॅपची पाटी. माझ्या डोक्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक दांडी आहे. ती बिजागरीवर उघडते आणि टक् करून मिटते.

एका सुताराने खुर्च्यांच्या उरलेल्या लाकडातून मला घडवले. दांडी दोनदा वाजवून तो म्हणाला, "आवाज खणखणीत आहे पोरीचा." जन्मल्या जन्मल्या कौतुक कानावर पडले आणि मला त्याची चटकच लागली.

माझे काम ऐकायला सोपे वाटेल. साठच्या दशकात आमचा कॅमेरा फक्त चित्र टिपायचा. आवाज दुसऱ्याच यंत्रात, टेपवर भरला जायचा. या दोघांची गाठ घालून देणारी मी. दांडी मिटताना दिसते ते चित्र आणि टेपवरची टक् एकमेकांवर ठेवली, की पुढचेमागचे सगळे ओठ सुरांशी जुळतात. माझ्या अंगावर खडूने गाण्याचा क्रमांक लिहिलेला असे. साउंडवाल्या मावशी तोच क्रमांक गाण्याआधी टेपवर तोंडाने बोलून ठेवत.

आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे दादा म्हणत, फक्त गाणाऱ्यांवरच चित्रपट काढत. काय काय माणसे पाहिली मी! कपाळावर केस आलेली चार पोरे होती. ती गायला लागली की समोरच्या मुली एवढ्या किंचाळत, की माझी टक् कुणाच्या बापाला ऐकू जात नसे. आपलाच सूर आपल्याला ऐकू येत नसतानाही ती पोरे एका तालात कशी गात, हे मला अजून कळलेले नाही. एक आजोबा होते, एका पायाने ढोल वाजवत आणि तोंडाने बाजा. कलाकार म्हणावे ते यांना.

पण माझा जीव जडला तो चिमणीवर. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथल्या बायकांची गाणी गिटारवर गायची. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने तोंड उघडले की मागच्या रांगेतला माणूसही पुढे सरकून बसे. त्यात तिचा घसा बसलेला असला तरी ती थांबायची नाही.

फक्त एक अडचण होती. गाण्याआधी मी टक् केले की ती दचकायची आणि पहिली ओळच विसरायची. दादा म्हणाले, "तिला नाही घाबरवायचं. गाणं होऊ दे, मग क्लॅप द्या. पाटी उलटी धरा."

आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. पाटी उलटी दिसली, की समजायचे, ही टक् संपलेल्या गाण्याची आहे, पुढच्याची नव्हे. रीत असली तरी मला राग आला. एवढ्या लोकांसमोर वटवाघळासारखे लटकायचे म्हणजे काय? पण त्या संध्याकाळी चिमणी अशी गायली, की मी माझा राग विसरले.

त्याच हिवाळ्यात चिमणी आजारपणात गेली. तिची मुलगी तेव्हा अंगावर पिणारी होती. पाठोपाठ दादाही गेले. फिल्मचे डबे आणि मी स्टुडिओच्या माळ्यावर पडलो, टेप चिमणीच्या नवऱ्याच्या घरी गेल्या. माझ्या अंगावर बोटभर धूळ चढली, आणि मी विचारात पडले, की आपण जन्मलो कशाला.

खूप वर्षांनी माळ्यावर दिवा लागला. चिमणीची मुलगी आली होती, केस पिकलेली, सोबत घरच्या त्या टेप आणि एक तरुण एडिटर घेऊन. डब्यांवरची धूळ पुसत ती म्हणाली, "आईला मी फोटोत पाहिलंय आणि टेपवर ऐकलंय. गाताना कधीच पाहिलेली नाही. तेवढं एकदा दाखव मला."

एडिटर मनापासून कामाला लागला. पण त्याने उलटी पाटी कधी पाहिलेलीच नव्हती. धरणाऱ्याची गडबड झाली असेल, असे त्याला वाटले. माझ्यावर चारचा आकडा दिसला, की त्यापुढचे गाणे चौथे, असे त्याने धरले. खरे तर ते पाचवे. मग काय, प्रत्येक गाण्याला भलत्याच गाण्याचा आवाज लागला. चिमणीचे ओठ एक म्हणत आणि सूर दुसरे. मी टेबलावर पडून नुसती तडफडत होते. माझी दांडी आहे, जीभ नाही.

शेवटी तो म्हणाला, "ताई, सॉरी. ही टेप दुसऱ्याच दिवसाची दिसतेय. नाही जुळणार."

ताईने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली. "एकदा नुसतं चित्र लाव," ती म्हणाली, "आवाज नको."

ती बघत राहिली. पडद्यावर मी आले, उलटी, आणि माझ्यामागे चिमणी. ताई म्हणाली, "थांबव. आई घाम पुसतेय बघ. आणि मागे लोक टाळ्या वाजवतायत. गाण्याआधी कोणी घाम पुसतं का रे?"

एडिटर पडद्याकडे बघतच राहिला. "म्हणून उलटी धरलीय," तो हळूच म्हणाला. "ही आधीच्या गाण्याची आहे."

त्याने शेवटच्या गाण्याची टक् माझ्या मिटलेल्या दांडीवर नेऊन ठेवली आणि गाणे पहिल्यापासून लावले. चिमणीने तोंड उघडले, आणि तिचाच आवाज आला. ताईने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. गाणे संपले, टक् झाली, आणि चिमणीने विचारले, "ऐकलंस का गं?"

हा प्रश्न ताईने टेपवर कितीदा तरी ऐकला होता. कुणा मैत्रिणीला विचारत असेल, असे तिला वाटे. आता दिसले, की चिमणी पहिल्या रांगेत बघत होती. तिथे तिचा नवरा बसला होता आणि त्याच्या मांडीवर दुपट्यातले बाळ होते.

"ऐकलं गं आई," ताई म्हणाली आणि रडली. मलाही भरून आले.

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या टेपा असतील, डबे असतील, माझ्यासारखी लाकडे असतील. टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कशासोबतचे आहे. आणि चुकीचे वाटले तरी जरा थांबून बघा. मी आता ताईच्या कपाटावर उलटी उभी असते. येणारा जाणारा मला सरळ करायला हात पुढे करतो. ताई म्हणते, "राहू दे. गाणं झालंय तिचं."