स्लाइसमागे

ब्रेडमधलं मीठ कमी करणाऱ्यांना सरकार अनुदान देतंय, हे मामाला मीच सांगितलं होतं. त्याचा ब्रेडचा कारखाना, माझी रसायनशास्त्राची ताजी पदवी. घरचीच शास्त्रज्ञ असताना बाहेर कशाला शोधू, म्हणून त्याने मला प्रयोगशाळा थाटून दिली.

मीठ कमी केलं की यीस्ट मोकाट सुटतं. पीठ चिकटतं, ब्रेड मध्येच बसतो. पाणी गार करून आणि पीठ जास्त वेळ मुरवून मी मीठ पाव हिश्शाने खाली आणलं. चवीतला फरक कामगारांना कळला नाही. बाबांनाही नाही, आणि मला तेच हवं होतं. त्यांचं हृदय अशक्त झालेलं, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, आणि ब्रेडशिवाय त्यांची सकाळ होत नसे. खायचाच तर आमचा खा, मी म्हटलं. तेव्हापासून मामा स्वतः घरी पाकिटं आणून द्यायचा.

अनुदान मंजूर झालं आणि काही दिवसांत बाबांचे पाय सुजले. बाकीचं खाणं तर मोजूनमापून, अळणी होतं. आई म्हणाली, यांची भूक वाढलीय, आता दोनाच्या जागी तीन स्लाइस लागतात. मी एक स्लाइस उजेडासमोर धरली. पातळ होती.

पाकीट प्रयोगशाळेत नेलं. ब्रेडमध्ये मीठ जितकं जास्त, तितके रंग बदलायला थेंब जास्त लागतात. थेंबामागून थेंब सोडत गेले, तरी पिवळं द्रावण विटकरी व्हायचं नाव घेईना. मिठाचं प्रमाण पूर्वीइतकंच होतं, तसूभरही कमी नाही.

मामाने काही लपवलं नाही. पीठ मुरवत बसायला वेळ कुणाला आहे, म्हणून त्याने जुनी पद्धत परत आणली होती आणि कापायच्या मशीनची पाती जवळ सरकवली होती.

"मी खोटं काय लिहिलं? स्लाइसमागे मीठ कमी झालं की नाही?"

स्लाइसमागे. अर्ज करताना मी शंभर ग्रॅममागे म्हणत होते. लोकांना ग्रॅम कळत नाहीत, स्लाइस कळते, असं तोच म्हणाला होता. मला ते केवढं पटलं होतं.

"आणि बाबांचं काय?"

"दाजींना तीन खायला कोणी सांगितलं?" तो हसत म्हणाला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई ओट्याकडे तोंड करून ऐकत होती.

"माझा भाऊ असं करायचा नाही," ती म्हणाली. "तुझंच मोजण्यात चुकलं असेल."

मी पुन्हा मोजून पाहिल्याचं सांगितलं. द्रावणाचा रंग कसा बदलतो तेही सांगू लागले. तिने मामाने आणलेलं नवं पाकीट फोडलं आणि बाबांच्या ताटलीत स्लाइस ठेवल्या. तीन.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू दे आता," ते मला म्हणाले, आणि त्यांनी तुकडा मोडला.