आमेनपर्यंत

"अगं, देव काय बहिरा आहे का?" उशीला टेकून बसलेली आई म्हणाली. "एकदा सांगितलेलं कळतं त्याला."

हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे लेकीला सगळे सिस्टरच म्हणत. सिस्टरने डोळे उघडले नाहीत. जेवणाची प्रार्थना ती परत पहिल्या शब्दापासून म्हणत होती. "हे प्रेमळ पित्या" इथपर्यंत सगळं ठीक चाललं, आणि "या अन्नाबद्दल" म्हणताना तो विचार आलाच. विचार कसला, शिवीच ती. भर रस्त्यात भांडणारा माणूसही जीभ चावेल अशी, आणि ती देवाला. मग मागे फिरायचं आणि नव्याने सुरुवात करायची, या खेपेला स्वच्छ मनाने. पण मन स्वच्छ आहे का हे बघायला आत डोकावलं, की शिवी दारातच उभी. शेवटी थकून कधीतरी आमेन व्हायचं. तोवर सूपावर पापुद्रा धरलेला असायचा.

"थंडगार," पहिला चमचा घेत आई म्हणाली. "गरम सूप कसं लागतं ते विसरलेच मी. वर गेले की आधी तेच मागून घेणार आहे."

सिस्टर हसली नाही. आईच्या गळ्याशी लावलेला रुमाल तिने सारखा केला. आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती, पण जीभ अजून चालती-फिरती होती.

"रविवारी दुपारी पाळकसाहेब येणारेत, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन," आई म्हणाली. "तू पण घे माझ्याबरोबर."

"बघू."

"बघू काय? चर्चमध्ये भाकरीचं ताट आलं की तू न घेता पुढे सरकवतेस म्हणे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं. मंडळीत बायका प्रार्थनेला डोळे मिटून बसतात असं वाटतं की काय तुला?" ती जरा दम खात थांबली. "मी का ते विचारत नाही. पण मला एकटीने नाही घ्यायचं. लेकीबरोबर घ्यायचंय. पुढच्या वेळेला मी असेन असं मला कुणी लिहून दिलेलं नाही."

सिस्टरने वाडगा उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली. आईला काय सांगणार? ज्या पापाला क्षमाच नाही ते, देवनिंदेचं, आपल्या हातून घडून गेलंय, अशी तिची पक्की समजूत झाली होती. कधीपासून, ते तिला नीट सांगता आलं नसतं. वडील गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात बहुधा. आधी एखादाच वाईट विचार, मग त्याची भीती, मग त्या भीतीने आणखी विचार. अशा तोंडाने ती भाकर खायची म्हणजे आगीत उडी घेणं. आणि न खावी, तर आईचा जीव तुटणार. दोन्हीकडून तिची कोंडी झाली होती.

हॉस्पिटलात तिची ही अवस्था कुणाला सांगितली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, कापडात बांधून, वाफेच्या मोठ्या मशीनमधून निर्जंतुक करून देणाऱ्या विभागाची ती मुख्य होती. तिथे तिचा शब्द शेवटचा. हात कधी थरथरला नाही, की एखादा पॅक परत आला नाही. देवाच्या दारात मात्र ही बाई भिजल्या मांजरासारखी उभी.

शनिवारी तिथे एक घोळ झाला. वॉर्डातून बदलून आलेली नवी सिस्टर, चांगली पोक्त, नातवंडं असलेली बाई, टेबलाशी उभी राहून एक तयार पॅक उघडत होती.

"अहो, काय करताय हे?" सिस्टर जवळजवळ ओरडलीच.

"काही नाही, खात्री करत होते. आतून नीट झालंय ना ते."

"टेपवरच्या रेषा वाफेने काळ्या झाल्यात ना? मशीनने आपलं काम केलंय ना?"

"झाल्यात हो. पण मनात पाल चुकचुकली."

"मग चुकचुकू द्यायची. उघडून बघितला की गेला तो पॅक. आता परत धुवा, परत बांधा, परत मशीनमध्ये. आणि बाहेर आला की तुम्हाला परत बघावंसं वाटणार, नाही का? असं करत बसलो तर पेशंट टेबलावरच म्हातारा व्हायचा."

नवी सिस्टर ओशाळून हसली आणि हत्यारं घेऊन धुवायच्या टाकीकडे गेली. सिस्टर आपल्या कामाला लागली. त्या वेळी तिच्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही.

रविवारी पाळकसाहेब आले ते शिंकतच. लागोपाठ दोन उपासना घेऊन त्यांचा आवाज पार बसला होता. लहान पेले असलेली पेटी त्यांनी आईच्या उशाशी ठेवली आणि गरम पाणी मागायला ते स्वयंपाकघरात आले. सिस्टर गॅसपाशी पाठमोरी उभी होती.

"पाळकसाहेब, फक्त आईला द्या," ती म्हणाली. "मला चालणार नाही."

आणि मग बांध फुटला. आई ऐकेल म्हणून दबक्या आवाजात, पदर तोंडाशी धरून, तिने सगळं सांगून टाकलं. शिवी तेवढी उच्चारली नाही. पाळकसाहेब मोडक्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. नाक पुसायचंसुद्धा ते विसरले.

"हे विचार तुम्हाला हवेसे वाटतात का, ताई?"

"हवेसे? डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं!"

"मग ते तुमच्या मनाचं बोलणं नव्हे. हा आजार आहे. आपल्याच मंडळीत आणखी आहेत असे, कुणी बोलत नाही इतकंच. याचे डॉक्टर असतात. मी तुम्हाला नाव देतो, आणि जायचं म्हणजे जायचं. गुडघा दुखला तर नुसती प्रार्थना करून घरी बसाल का?"

"पण मला क्षमा आहे ना? तुम्ही नक्की सांगा. एकदाच सांगा."

पाळकसाहेबांनी आता नाक पुसलं. ते दमलेले दिसत होते, आणि जरा दुःखीही. "ते तर मी दर रविवारी सांगतो, ताई. आत्ता परत सांगेन, तुम्हाला रात्रीपुरतं बरं वाटेल आणि उद्या सकाळी तुम्ही परत विचाराल. प्रभूने जे करायचं ते करून झालंय. आज तो विचार येईल. येऊ दे. मागे फिरायचं नाही. त्याच्यासकट आमेन म्हणायचं."

"खात्री न करता?"

"खात्री न करता."

सिस्टरने पाण्याखालचा गॅस बंद केला. मग ती हळूच म्हणाली, "उघडून बघितला की गेला तो पॅक."

"काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्या कामातलं आहे." तिने डोळे पुसले. "चला. आई वाट बघतेय."

आईच्या अंगावर धुतलेली शाल होती. पाळकसाहेबांनी बसक्या आवाजात प्रार्थना केली, भाकर मोडली, एक तुकडा आईला दिला आणि एक सिस्टरच्या तळहातावर ठेवला. आणि नेमका तेव्हाच तो विचार आला, नेहमीपेक्षा घाणेरडा होऊन. तिचे कान तापले. मागे फिर, पहिल्यापासून म्हण, असं आतून कुणीतरी गळा काढून सांगत होतं. आई तोंड उघडून तिच्याकडे बघत थांबली होती. सिस्टरने तुकडा तोंडात घातला, तेव्हाच आईने आपला चावला. द्राक्षरसाचा पेला आईच्या हातात हिंदकळला, तो सिस्टरने खालून धरला.

"आमेन," सिस्टर म्हणाली. आवाज चिरका निघाला.

आकाशातून काही उतरलं नाही, छातीवरचा दगडही हलला नाही. पाळकसाहेब शिंकले, डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून निघून गेले. दुपारभर ती भीती सोबत घेऊन भांडी घासत होती, आणि उद्याही ती असणारच हे तिला कळून चुकलं होतं. तिला फार थकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तिने सूप वाढलं आणि डोळे मिटले. "हे प्रेमळ पित्या, या अन्नाबद्दल..." शिवी आली. सिस्टर जराशी थांबली. "...तुझे आभार मानतो. आमेन."

आईने सवयीने मोठा चमचा भरून तोंडात घातला, आणि ती किंचाळलीच.

"आई गं! भाजलं की मेलं!"

"अगं आई, जपून! गरम आहे ते."

"गरम?" आईने वाडग्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. वाफेने आईचा चष्मा धुरकटला होता. तिने दुसरा चमचा भरला, ओठांपाशी आणला, आणि हळू, अगदी हळू, त्यावर फुंकर घालत राहिली.