काठावरची सून

किन्हीराजात उकंडरावांच्या ओट्यावर नरेंद्र सरांनी मोबाइल ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सर कारंज्याचे, मोबाइलवर ऐकायच्या मालिका लिहायचे. उकंडरावांच्या बायकोकडून, सोजरबाईंकडून, त्यांना तळ्याची कथा हवी होती. खोदलेल्या तळ्याला पाणी लागत नाही, घरची धाकटी सून त्यात उतरते आणि मग पाणी लागतं, ती.

"ही कथा जगभर आहे," सर म्हणाले. "कुठे पूल टिकत नाही, कुठे किल्ल्याची भिंत. बळी मात्र घरच्या बाईचाच. म्हणून तर आजही चालते!"

सरांना जगातल्या साऱ्या सुना ठाऊक, समोरची तेवढी दिसेना. निकिता या घरची धाकटी सून. वाशिमला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, प्रवेशाची आज शेवटची तारीख होती आणि तिचे दाखले सासऱ्यांच्या कपाटात कुलूपबंद होते. सकाळीच उकंडराव म्हणाले होते, "घरासाठी धाकटीले सोसाच लागते. तळ्याची कथा ऐकली ना?" नवरा गणेश तोंडात गुळणी धरून बसला होता.

कथेला हुंकार लागतो. तो निकिता देत होती. सासऱ्याला स्वप्न पडलं, हूं. धाकटीला माहेरहून आणलं, हूं. तिने हिरवा चुडा भरला, ओटीचं ताट घेतलं, हूं.

"अन् तिनं पयल्या पायरीवर पाय ठेवला..."

निकिता गप्प. सरांनी घाईने स्वतःच 'हूं' केलं.

"तुमचा नाई चालत," सोजरबाई म्हणाल्या. "जिच्यासाठी कथा, तिचाच लागते."

"दे ना वं हुंकार," उकंडराव खेकसले. "सर खोळंबून राह्यले."

निकिताला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी तिने ओठ उघडले नाहीत.

सोजरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"माह्या नावानं अंगणवाडीच्या नोकरीची ऑर्डर आलती," त्या म्हणाल्या. "तवा याच ओट्यावर सासूनं कथा सांगतली. मी हूं म्हनली अन् घरीच राह्यली."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "कपाटाची चाबी द्या तिले."

"अन् कथा?" उकंडरावांनी विचारलं.

"निकिता शिकून आली की पाहू. तवरोक सून काठावरच उभी राहीन."