बर्फाच्या लादीवर दोधू आप्पा

कळसाडीचे दोधू आप्पा ओळखले जातात ते शेततळ्यांसाठी. आसपासच्या दहा गावांत कुणाला तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा असला की आप्पांना बोलावणं ठरलेलं. कागद कोणता घ्यायचा, जोड कसा चिकटवायचा, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. अशा माणसाला पाण्याबद्दल कुणी चार गोष्टी शिकवायला गेलं, तर तो ऐकून घेईल हे शक्यच नाही.

आणि नेमकी पाण्याच्याच बाबतीत आप्पांनी गेल्या वर्षी माती खाल्ली होती.

त्यांची लेक रंजिता शहाद्यात कॉलेज संपवून हिमालयात गिर्यारोहणाच्या शिबिराला गेली आणि येताना स्नोबोर्डचं खूळ डोक्यात घेऊन आली. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत सुटायचं, असा तो प्रकार. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या गावातल्या पोरीला बर्फाचंच वेड लागणार, असं आप्पांचं मत. तिच्या आईचं, नर्मदाबाईंचं मत इथे न लिहिलेलं बरं. गेल्या जानेवारीत रंजिता स्नोबोर्डची प्रशिक्षक होण्याच्या चौदा दिवसांच्या कोर्सला काश्मीरला निघाली, तेव्हा आप्पांनी मोठ्या हौसेने बाजारातून एक पावसाळी पँट आणली आणि अंगणात तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. सगळं पाणी ओघळून गेलं. पोरगी मात्र सातव्या दिवशी तापाने फणफणली आणि आठव्या दिवशी परतीच्या गाडीत बसली. पँटमध्ये पाणी शिरत होतं, एवढंच ती बोलली. आप्पांनीही खोदून विचारलं नाही, पण ती गोष्ट वर्षभर त्यांच्या मनाला खात होती.

यंदा नर्मदाबाईंनी निक्षून सांगितलं होतं की ही शेवटची खेप. कोर्स पुरा केला, तर तिथली स्नोबोर्डची शाळा रंजिताला उभा हिवाळा कामावर ठेवणार होती, म्हणजे रोजच बर्फात. नाही केला, तर फळी कायमची माळ्यावर. नर्मदाबाईंनी माळ्यावर तेवढी जागा रिकामी करूनही ठेवली होती. म्हणजे सगळं गाडं येऊन अडलं होतं एका पँटवर.

डिसेंबरात, कापसाची वेचणी चालू असताना, पार्सल आलं. रंजिताने दोन पँटी मागवल्या होत्या. एक निळीशार, चकचकीत. दुसरी राखाडी, जाडजूड, गुडघ्यांवर आणि पायाच्या कडांना दुहेरी कापड लावलेली. रंजिताचा जीव निळीवर जडला. निळीच्या चिठ्ठीवर वीस हजारांचा आकडा होता, राखाडीच्या चिठ्ठीवर पंधरा हजारांचा. वीस हजार काय, असं आप्पांनी विचारलं. वीस हजार मिलिमीटर, म्हणजे कापडावर वीस मीटर पाणी उभं राहिलं तरी ते आत येत नाही, असं तिने समजावलं. आपल्या विहिरीएवढं, आप्पा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही पँटी उलट्या केल्या.

कापडाकडे त्यांनी पाहिलंच नाही, ते शिवणी बघत बसले. राखाडीच्या झाडून सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली होती. निळीच्या मोठ्या शिवणींवर होती, मागच्या खिशाखालची शिवण मात्र उघडीच होती.

“पानी कागदमाईन जात नही, जोडमाईन जास,” आप्पा म्हणाले.

रंजिता हसली. तळं वेगळं आणि पँट वेगळी, असं तिचं म्हणणं. शिवाय निळी हलकी होती, आणि मुख्य म्हणजे निळी होती. आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी मोटरसायकल काढली आणि शहाद्याहून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले. बर्फवाल्याने लग्न कुणाचं म्हणून विचारलं, तर पँटीचं, असं सांगून आले.

तांब्याने ओतलेलं पाणी ओघळून जातं, त्याने काही कळत नाही, एवढं त्यांना आता उमगलं होतं. फळी बांधायला दर वेळी बर्फात बसावं लागतं, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, आणि अंगाचा भार पडला की पाणी वाट काढत आत येतं. तेव्हा परीक्षा बसूनच व्हायला हवी. मी बसते, असं म्हणून रंजिता पुढे झाली.

“नही,” आप्पा म्हणाले. “आज मी बठसू.”

निळी पँट ढगळ म्हणून आप्पा तिच्यात मावले, पण पोटाशी हूक काही लागेना, तिथे सुतळी बांधावी लागली. ओल कळावी म्हणून आत मागच्या बाजूला कालच्या पेपरची घडी सरकवली आणि भर अंगणात आप्पा लादीवर विराजमान झाले. शेजारचा सुपडू कापूस ठेवून बघायला आला आणि तिथेच उकिडवा बसला. नर्मदाबाई दारात आल्या.

“उठा आते,” त्या म्हणाल्या. “मूळव्याध व्हई जाई.”

दहा मिनिटं आप्पा मजेत होते. सुपडूला त्यांनी पाण्याच्या दाबावर एक व्याख्यानही दिलं. मग उजव्या बाजूला, खिशाखाली, काहीतरी गार सरकलं. बघता बघता ते ओलं पसरलं आणि हाडांत शिरलं. पाठीवर ऊन होतं, आत चहा उकळत होता, तरी पुढची दहा मिनिटं जाता जाईनात. व्याख्यान बंद पडलं. आपली पोर परक्या डोंगरात अशीच बसली असेल, हे मनात आलं आणि आप्पांचा जीव कळवळला.

“गये साल तू अशीच बठेल व्हती?” त्यांनी विचारलं.

“हा.”

“कितला दिन?”

“सात.”

“मंग फोनवर सांगं काब्र नही?”

रंजिताने पेपरची घडी ओढून काढली. ती भिजून हातात तुटली.

“तुम्ही हौसथीन आनेल व्हती, आप्पा. कशी सांगू?”

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. “मन्ही चूक व्हती,” ते म्हणाले. पाण्याच्या बाबतीत दोधू आप्पांनी चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सुपडूने ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत कळसाडीने ऐकलं.

मग राखाडी पँट, नवा पेपर आणि पुन्हा वीस मिनिटं. पेपर इतका कोरडा निघाला की आप्पांनी त्यातलं राशिभविष्य वाचून दाखवलं. निळी, खिशाखाली पाणी शिरतं अशी चिठ्ठी लावून परत गेली. रंजिता दिवसभर हळहळली. नर्मदाबाई राखाडीवर लेकीचं नाव दोऱ्याने भरायला बसल्या, तेव्हा आप्पांनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. सुईचं भोक म्हणजे पाण्याला वाट. शेवटी नर्मदाबाईंनी पट्ट्याच्या नाड्याला काळा दोरा बांधला.

जानेवारीत रंजिता गेली. सहा दिवस ती फोनवर खाण्यापिण्याचंच बोलली. सातव्या दिवशी फोन आला नाही. आप्पा अंगणात नुसते फेऱ्या मारत राहिले, जेवले अर्धवट. आठव्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. फोटो होता. पांढऱ्या बर्फावर आप्पांच्या राशिभविष्याचा तोच पेपर, पँटीच्या आतून काढून उलगडलेला, कोरडा ठणठणीत. खाली लिहिलं होतं, “आज आठवा दिन, आप्पा. मी अठेच शे.”

गेल्या वर्षी आठव्या दिवशी ती परतीच्या गाडीत होती, यंदा अजून तिथेच होती. आप्पांनी मोबाइल नर्मदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, पदराने काच पुसून पुन्हा पाहिला. मग त्या उठल्या आणि माळ्यावर फळीसाठी रिकामी ठेवलेल्या जागेत त्यांनी पापडांचे डबे लावून टाकले.