राहीनं दार उघडलं

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात रेवसजवळच्या एका गावात राही भरदुपारीसुद्धा दाराला आतून कडी घालून बसायची. तिची अठरा वर्षांची कोकिळा भातकापणीपासून न दिसणाऱ्या माणसांशी बोलत होती. नवरा धर्माजी मुंबईला गोदीत. गावाला कळलं तर पोरीला भगताकडं नेतील, डागतील, या धास्तीनं राही गप्प होती. आणि आताशा तिला पोरीचीच भीती वाटू लागली होती. पोटच्या पोरीची! हे ती कुणाला सांगणार?

त्या दुपारी भाकरी उतरवून ती वळली, तर कोकिळेच्या हातात कोयता.

"आये, भाकरीत काय घातलंस? ते सांगतात, तू मला मारनार हायस."

ओरडावं तर गाव गोळा होणार.

तेवढ्यात कडी वाजली. "राही, हायस का घरात?" पलीकडच्या मोहल्ल्यातल्या तैयबाची हाक.

दार कोकिळेच्या पाठीमागं होतं. राही भिंतीला घासत, कोयत्यावरची नजर न काढता सरकली आणि तिनं कडी काढली.

कोकिळेचं बोलणं तैयबानं दाराबाहेरूनच ऐकलं होतं; आता कोयता बघून तिनं सगळं ओळखलं. ती ओरडली नाही, पुढंही आली नाही. उंबऱ्यातच बसली.

"भ्यालीस गं कोकिळे? त्यातली एक भाकरी मला दे. मी खाते."

कोकिळेनं भाकरी तिच्याकडं सरकवली. तैयबा सावकाश चावत राहिली. कोकिळा टक लावून बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं कोयता जात्यापाशी ठेवला आणि ती रडायला लागली.

राहीनं कोयता पायानं जात्यामागं सरकवला. ती तिथंच बसली.

"तैयबा, मला तिची भीती वाटते गं."

"मला बी वाटायची, माझ्या पोराची, नुरुद्दीनची. आमी त्याला बांधला, दर्ग्यावर नेला. शेवटी ठान्याच्या येड्यांच्या इस्पितळात नेला. आज जाळी विनतो. उद्या लाँचनं जाऊ, मी येते."

लाँचमध्ये कोकिळा पाण्याकडं बघून पुटपुटत होती. कधी उडी घेईल या भीतीनं राहीनं तिचं मनगट सोडलं नाही. दुसरं मनगट तैयबानं धरलं होतं. आदल्या संध्याकाळच्या लाँचनं पाठवलेला निरोप मिळून भाऊच्या धक्क्यावर धर्माजी उभा होता. पोरीला बघून त्यानं राहीच्या हातातलं मनगट आपल्या हातात घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडावर कोकिळा इस्पितळातून घरी आली. औषधांनी सुस्त, अंगानं जाडावलेली. आवाज आता लांबून येतात, म्हणायची. एखाद्या सकाळी तिचे डोळे पुन्हा त्या दुपारसारखे दिसले, की राही कोयता माळ्यावर लपवायची. मग ती तैयबाला निरोप धाडायची, आणि तैयबा हातातलं काम टाकून यायची.